पान बघून सही

आमच्या धैर्यशीलला पेन्सिलीला टोक करायला पाऊण तास लागायचा. चार पेन्सिली, एक ब्लेड, खाली पेपर अंथरलेला. एक पेन्सिल झाली की ती डोळ्यांसमोर धरायची, फुंकर मारायची, बोटाला टोचून बघायची आणि परत तासायची. तेवढ्या वेळात माझ्या चाळीस भाकऱ्या व्हायच्या. टोक झालं की ह्याला भूक लागायची. जेवला की झोप. उठला की उजेड गेलेला.

"उजेडच नाही आत्या, आता काय काढणार," असं म्हणून पेन्सिली डब्यात. डबा मात्र भारी होता, आत मखमल लावलेला.

धैर्यशील माझ्या धाकट्या भावाचा, मारुतीचा, एकुलता एक पोरगा. हा मारुती गेली पंचवीस वर्षं माझ्या दारात आलेला नाही. भाऊबीजेलासुद्धा नाही. लोक विचारतात, तानुआक्का, सख्ख्या भावाशी असं काय झालं? मी कुणाला सांगत बसले नाही. आता सांगते, कारण मी त्याच्या पोराचं वाटोळं केलं, असं भलतंच मारुती गावभर सांगत फिरतो.

इचलकरंजीत माझी खानावळ होती, यंत्रमागांच्या शेडला लागूनच. भिंतीपलीकडं दिवसरात्र खटाखटा चालायचं. नवऱ्याच्या माघारी मी एकटीनं ती चालवली. जेवायला सगळे मागावरचे कामगार. त्यांत इराप्पा नावाचा जॉबर होता, बिघडलेले माग दुरुस्त करायचा. तोंडाचा फाटका, पण माणूस सरळ. रोजचा त्याचा बाक ठरलेला.

धैर्यशील चित्रकलेच्या कॉलेजात होता. पहिल्या वर्षी वसतिगृहात राहून नापास झाला, तेव्हा मारुती त्याला वळकटीसकट माझ्याकडं घेऊन आला.

"आक्का, औंदा परीक्षेला बसला न्हाई तर सरळ सायझिंगात घालतो त्याला. बसू दे सुताला खळ लावत, वाफेत."

"मग आत्ताच घाल की. मला कशाला ताप?"

"हातात कला हाय गं त्याच्या. समदी म्हणत्यात."

"समदी म्हंजे कोण?"

"गावातली."

"गावातल्यांनी ह्याच्याबिगर दुसरा कोण चित्रं काढणारा बघितलाय?"

मारुतीनं वळकटी खाली ठेवली. पोरगं मात्र हसलं. तेवढ्यावरून मी त्याला ठेवून घेतलं.

दुसऱ्याच आठवड्यात धैर्यशील एक जाडजूड वही घेऊन माझ्यापुढं उभा राहिला. कॉलेजात कुंभोजकर सर म्हणून होते, त्यांनी नियम घातला होता. रोज एक पान. समोर दिसेल ते काढायचं. खाली तारीख घालायची आणि घरातल्या मोठ्या माणसाची सही घ्यायची. अशी शंभर पानं झाल्याशिवाय परीक्षेचा फॉर्म भरता येणार नाही.

"मोठं माणूस म्हंजे मी?"

"मग कोण? तूच की आत्या."

"करीन सही. पण पान बघून करीन. कोऱ्या पानावर न्हाई, आणि दोन पानांवर एकदम न्हाई."

"एवढं काय त्यात. सही तर आहे."

त्याला सही म्हणजे काय ते माहीत नव्हतं. मी दुसरीतनं शाळा सोडली. लग्न होईपर्यंत होती नव्हती ती अक्षरं पुसून गेली होती. माझी सही मी पुढं कमावलेली आहे. मी एकेक अक्षर वेगळं मांडते, पेन उचलते, पुढचं मांडते. सगळी मांडून झाली की शेवटाला वरची रेघ ओढते, उजवीकडून डावीकडं. बाकीचं जग डावीकडून ओढतं हे मला फार उशिरा कळलं, आणि कळल्यावरसुद्धा मी बदललं नाही. पेन दाबून धरते, म्हणून रेघ उजव्या अंगाला जाड निघते आणि पुढं बारीक बारीक होत जाते.

पहिल्या दिवशी त्यानं पाण्याचा तांब्या काढला. मी सही केली. तो वाकून बघत होता.

"आत्या, उलटी रेघ?"

"नाव माझं हाय. कुठनंबी ओढीन."

नऊ दिवस त्यानं नेमानं काढलं. तांब्या, चपला, चुलीचं तोंड, इराप्पाची पाठ. पाठ तर अशी उतरली होती की इराप्पा स्वतःच म्हणाला, "हे माझंच टक्कल." नऊ दिवस मी नऊ सह्या केल्या. दहाव्या दिवशी पान कोरं.

"काय चितारी, आज काय काढलं?" इराप्पानं जेवता जेवता विचारलं.

"आज मूड नाही."

"मूड म्हंजे?"

"आतून यावं लागतं, इराप्पा. जबरदस्तीनं होत नाही."

"आमच्या मागालाबी असंच व्हतंय कवा कवा," इराप्पा म्हणाला. "मग आम्ही त्याला एक लाथ घालतो."

बाकावरची सगळी हसली. धैर्यशीलला राग आला. रागानं तरी दोन रेघा ओढेल असं मला वाटलं, पण राग आला की त्याला चहा लागायचा.

मग मूड आणायची तयारी सुरू झाली. आधी खाट खिडकीजवळ सरकवली. मग खिडकीतून मागांचा आवाज येतो म्हणून परत मागं सरकवली. टेबलावरचा वाकडा दिवा विकत आणला. त्याचा उजेड पिवळा पडतो म्हणून तो बदलून आणला. एका मोठ्या कागदावर तीन रंगांत वेळापत्रक काढलं. पहाटे पाच ते सहा निरीक्षण, सहा ते सात रेखाटन, असलं काहीबाही. ते रंगवायला चार दिवस गेले आणि त्या चार दिवसांत वहीला हात लागला नाही. साडेपाचला मी त्याच्या उशाशी भांडं आपटायची, तेव्हा म्हणायचा, "आत्या, निरीक्षण चाललंय." डोळे मिटलेले.

एकदा प्रेरणा घ्यायला म्हणून पंचगंगेच्या घाटावर गेला. संध्याकाळी आला तो शर्टावर भेळेची चिंच सांडून.

"मिळाली का?" मी विचारलं.

"काय?"

"आणायला गेला होतास ती."

तो चुलीपुढं पाट ओढून बसला आणि बराच वेळ माझ्या हाताकडं बघत राहिला. मग म्हणाला, "आत्या, तुला रोज भाकऱ्या करायचा कंटाळा येत नाही?"

"येतो की."

"मग?"

"मग काय? कंटाळाबी येतो आणि भाकऱ्याबी होतात. हातापायाला काही कंटाळा लागत न्हाई."

"तुझं वेगळं आहे. हे कलेचं आहे."

मी तव्यावरची भाकरी उलटली. असल्या बोलण्यावर जाळ फुकट घालवायचा नसतो.

पुढं महिनाभर ते तसंच. मी रोज विचारायची, वही कुठाय. तो रोज नवीन कारण द्यायचा. आणि मग एक दिवस आपण होऊन येऊन म्हणाला, "आत्या, सरांनी ती सहीची भानगड बंद केली. आता नुसती पानंच द्यायची. मी काढतोय, तू काळजी करू नको."

मी विश्वास ठेवला. खोटं बोलायला तरी थोडा अभ्यास लागतो, आणि हा पोरगा कशाचाच अभ्यास करत नाही असा माझा समज होता.

त्यानंतर तो जरा सुधारल्यासारखा दिसायला लागला. रविवारी दुपारी ताट घेऊन माळ्यावर जाऊन बसायचा. एरवीही बघावं तर पेपरच्या कडेला काही ना काही खरडत असायचा. मी जवळ गेले की पेपर घडी करून ठेवायचा. पेन्सिलीला टोक करणं बंद झालं होतं. मारुतीचा फोन आला, तेव्हा मी सांगितलं, बरं चाललंय म्हणून. माझ्या तोंडून ते गेलं, ही माझी चूक.

माघ महिन्यातला रविवार होता. रविवारी आमच्याकडं मटण. बाक भरलेले, रस्सा उकळत होता आणि धैर्यशील पाण्याचा जग घेऊन वाढत होता. तेवढ्यात दारात सायकल लावून एक म्हातारे गृहस्थ आत आले. पांढरा बुशशर्ट, खिशाला दोन पेनं, काखेत ती वही.

"तानुबाई चौगुले आपणच का?"

"मीच. जेवायला बसताय?"

"नाही, मी जेवून आलो. मी कुंभोजकर. धैर्यशीलला शिकवतो." ते जरा हसले. "खरं सांगायचं तर तुमची सही बघायला आलोय."

मला वाटलं थट्टा करतात. मागं जग टेबलावर ठेवल्याचा आवाज झाला.

सर इराप्पाशेजारी बाकावर टेकले आणि वही उघडली. "बत्तीस वर्षं झाली मला रेघ शिकवताना. या वहीत शंभर चित्रं आहेत. सुरुवातीची आठ-नऊ सोडली तर सगळी मेलेली आहेत, आणि ते मी त्याला तोंडावर सांगितलंय. पण खालची ही सही बघा. प्रत्येक पानावर जिवंत. इथून जाड निघते, बारीक होत जाते, कुठे घाबरत नाही. मी वर्गात फळ्यावर काढून दाखवली ही रेघ. म्हटलं, जी बाई रोज अशी रेघ ओढते तिला एकदा भेटून यावं. कुठे शिकलात तुम्ही?"

प्रत्येक पानावर, एवढं ऐकलं आणि पुढचं माझ्या कानात शिरेना. मी हात धुतले, पदराला पुसले आणि वही घेतली.

पहिली नऊ पानं माझी. दहाव्या पानावर माझं नाव. विसाव्या पानावर माझं नाव. सत्तराव्या, ऐंशीव्या, शंभराव्या. माझीच सही, अगदी 'गु'ला मी पेन उचलते तिथं शाईचा गोळा पडतो, तो गोळासुद्धा. मी बघत राहिले. क्षणभर माझ्याच मनात आलं, आपण झोपेत तर केल्या नाहीत ना.

मग मी वर चित्रं बघितली. ताट, तांब्या, ताट, बाक, परत ताट. एका पानावर ताट होतं, वाटी होती आणि वाटीतून हाडाची नळी वर आलेली. तारीख खाली, वार सोमवार. पुढच्या पानावर मंगळवार, परत नळी. बुधवारीही नळीच.

इराप्पानं मान लांब करून बघितलं. "आक्का, सोमवारी मटण? आमाला कवा घातलं न्हाईस ते."

बाकावरची पुन्हा हसली. सरांना कळेना. मी सांगितलं, "सर, ह्या खानावळीत मटण फक्त रविवारी. सोमवारी मूग, मंगळवारी वांगं. ह्यानं आठवड्याची सगळी पानं रविवारी एका बैठकीला भरल्यात. समोर जे ताट होतं तेच सात वेळा. तारखा तेवढ्या बदलल्या."

सरांचा चेहरा उतरला. त्यांनी चष्मा काढला, परत लावला. "पण खाली सह्या आहेत. म्हणजे तुम्ही न बघताच... या सह्या तुमच्याच आहेत ना?"

धैर्यशील भिंतीला टेकून उभा होता. डोळ्यांनी मला सांगत होता, हो म्हण. एकच शब्द होता. तो उच्चारला असता तर त्याचं वर्ष राहिलं असतं, मारुती खूश झाला असता आणि मी एक निष्काळजी म्हातारी ठरले असते. एवढंच.

"तुम्ही विचारलंत ना, कुठं शिकलात," मी सरांना म्हटलं. "पिठात शिकले. आमचे मालक वारले तेव्हा खानावळ माझ्या नावावर करायला कचेरीत गेले. तिथल्या कारकुनानं चार माणसांपुढं माझा अंगठा धरला, शाईत दाबला, कागदावर दाबला आणि वर म्हणाला, बाई, हात पुसा, टेबलाला लावू नका. घरी आले. शेजारच्या मास्तरणीकडनं कागदावर माझं नाव काढून आणलं. रोज पहाटे पीठ मळायच्या आधी ते परातीत बोटानं काढायची आणि उजव्या बाजूनं पुसत यायची. पुसायचा हात जिकडनं, रेघेचा हात तिकडनं, तीच सवय लागली. चार महिने. त्यात दोनदा ताप आला, एकदा सासू गेली. चार महिन्यांनी त्याच कारकुनापुढं उभी राहिले. त्यानं शाईचं पॅड पुढं सरकवलं. मी ते परत त्याच्याकडं सरकवलं आणि सही केली."

मी दहावं पान उघडून सरांपुढं धरलं.

"म्हणून सांगते, पहिल्या नऊ माझ्या. पुढच्या माझ्या न्हाईत."

"शक्य नाही," सर म्हणाले. "बाई, राग मानू नका, पण ही रेघ नक्कल करून येत नाही. हात बसावा लागतो त्याला."

"धैर्या, हिकडं ये."

"आत्या..."

"सरांचं पेन घे. माझी सही काढ."

"आत्या, सगळ्यांपुढं नको."

"मला अंगठा सगळ्यांपुढंच लावायला लावला होता. काढ."

तो बाकावर बसला. वहीच्या मागच्या कोऱ्या पानावर त्यानं पेन टेकवलं. एक अक्षर मांडलं, पेन उचललं. दुसरं मांडलं. शेवटाला उजवीकडं गेला आणि एका दमात डावीकडं रेघ ओढली. जाड निघाली आणि बारीक होत गेली. हात हलला नाही. एवढी माणसं बघत होती, सर बघत होते, वर्ष हातचं चाललं होतं, तरी हात हलला नाही.

सरांनी पान जवळ घेतलं, नंतर लांब धरलं. "किती दिवस करत होतास?"

"दोन महिने."

"रोज?"

"रोज. पन्नासेक वेळा. पेपरच्या कडेला." मान खाली होती. "आधी 'चौ' जमत नव्हता. मग आत्या भाजीवाल्याच्या कागदावर सही करताना लपून बघितलं. हाताला कसं वळण देते ते."

"आणि मूड?" इराप्पानं विचारलं. ह्या वेळी कुणी हसलं नाही.

सरांनी त्या सहीवरून एकदा बोट फिरवलं. मग माझ्याकडं वळले. "बाई, नियमानं मी याला परीक्षेला बसू देऊ नये. पण असा हात मी वीस वर्षांत बघितला नाही. लबाडीत बघितला हे दुर्दैव. पानं तर भरलेली आहेत. फॉर्मची मुदत उद्या संपते. तुम्ही आज इथे बसून या एक्क्याण्णव पानांवर तुमची खरी सही केलीत, तर मी बाकीचं विसरतो." आणि त्यांनी पेन माझ्यापुढं ठेवलं.

धैर्यशील माझ्या पायांशी वाकला. "आत्या, कर ना. बाबा मला सायझिंगात घालतील. पुढच्या वर्षी रोज काढीन, शपथ घेतो. तुझ्या सह्याच तर आहेत, तेवढ्या खऱ्या कर."

"कर आक्का," इराप्पा हळूच म्हणाला. "पोरगं हाय. वर्षाचा सवाल हाय."

रस्सा उतू जायला आला होता. मी आधी जाळ ओढला. मग येऊन पेन उचललं. धैर्यशीलचा श्वास सुटलेला मला ऐकू आला. मी पेनाला टोपण लावलं आणि ते सरांच्या हातात दिलं. वही मिटून धैर्यशीलपुढं ठेवली.

"धैर्या, तुझ्या हातात काही नसतं, तर आत्ता बसून एक्क्याण्णव सह्या केल्या असत्या. म्हटलं असतं, गरीब हाय, द्या ढकलून पुढं. पण आज सगळ्यांनी बघितलं. तुला रोज बसता येतं. जमलं न्हाई तर लपून बघून परत बसता येतं. खिडकी लागत न्हाई, दिवा लागत न्हाई, घाटावर जावं लागत न्हाई. फक्त दुसऱ्याचं चोरायचं असलं की. स्वतःचं काढायचं म्हटलं की तुला उजेड पुरत न्हाई. हात नसलेल्याची कीव येते मला. हात असून असा वागलास, तुझी मला कीवबी येत न्हाई. गेलं तुझं वर्ष. ऊठ, लोकांचं पाणी संपलंय."